टुणटुण : एका गायिकेचं नाव टोमणा कसं झालं

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. आणि 'वजनावर काय लिहिताय, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर लिहा' असं सांगणाऱ्यांना आधीच सांगतो, खड्ड्यांवर परवाच लिहिलंय.

गेल्या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका शाळेच्या गॅदरिंगची बातमी मी दिली होती. नेहमीची बातमी. पाहुण्यांची नावं, दीपप्रज्वलन, बक्षिसं आणि शेवटी एक ओळ, 'आठवीच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या विनोदी नाटिकेने प्रेक्षकांना पोट धरून हसवले.' दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "सर, त्या नाटिकेत जाडी बायको झालेली मुलगी माझी आहे."

मला वाटलं, बातमीत नाव राहिलं म्हणून फोन असेल. असे फोन रोज येतात. मी सवयीने म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की घालू ताई." त्या म्हणाल्या, "नाव घातलं नाहीत तेच बरं केलंत. मला एवढंच विचारायचं होतं, तुम्ही तिथे होतात ना? तुम्हीपण हसलात का?"

हसलो होतो. पहिल्या रांगेत बसून, चहाचा कप हातात धरून हसलो होतो. ती मुलगी स्टेजवर येते, खुर्चीत बसते, आणि पाय आधीच सैल करून ठेवलेली खुर्ची मोडते. नवरा झालेला मुलगा प्रेक्षकांकडे बघून म्हणतो, "ही आमची टुणटुण." एवढाच विनोद. नाटिका बसवणारे सर माझ्याच वयाचे. मुलीला विचारून घेतलं होतं, ती हो म्हणाली होती. आठवीतली मुलगी सरांना नाही म्हणते का? त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव टुणटुण पडलंय. दोन दिवस डबा तसाच परत आला, तिसऱ्या दिवसापासून शाळा बंद.

गंमत बघा. त्या वर्गातल्या एकाही पोराने टुणटुणचा सिनेमा पाहिलेला नाही. ती बाई कोण होती हे त्यांना माहीत नाही. नाव तेवढं पिढ्यान् पिढ्या हातातून हातात आलंय. म्हणून म्हटलं, या नावाचा इतिहास एकदा नीट लिहू.

तिचं खरं नाव उमादेवी खत्री. जन्म १९२३ चा, उत्तर प्रदेशात अमरोह्याजवळच्या एका गावातला. जमिनीच्या भांडणात आईवडील गेले, तेव्हा ती इतकी लहान होती की त्यांचे चेहरेही तिला आठवत नव्हते. भाऊही लवकर गेला. पोरकी मुलगी नातेवाइकांकडे धुणीभांडी करत वाढली. गाणं कुणी शिकवलं नाही. रेडिओवर ऐकून ऐकून गळ्यात बसलं. आणि एक दिवस ती मुंबईला पळून आली. सांगतात की संगीतकार नौशाद यांच्या दारात जाऊन ती म्हणाली, मला गायला द्या, नाहीतर समुद्रात जीव देते. नौशादनी तिचं गाणं ऐकलं.

१९४७ साली कारदारांचा 'दर्द' आला. त्यातलं अफसाना लिहिण्याचं गाणं तिचं. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर विचारा, चाल लगेच गुणगुणतील. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या 'चंद्रलेखा'च्या १९४८ च्या हिंदी आवृत्तीतही ती गायली. म्हणजे आपण जिला 'जाडी विनोदी बाई' म्हणून ओळखतो, ती आधी हिंदी सिनेमाची नावाजलेली पार्श्वगायिका होती.

पुढे पार्श्वगायन बदललं. लताबाईंचा आवाज आला आणि सगळं गणितच फिरलं. उमादेवीला संगीताची तालीम नव्हती, आवाजाचा पल्ला मर्यादित होता. कामं कमी झाली. तेव्हा नौशादनीच तिला अभिनय कर म्हणून सुचवलं. तिचा स्वभाव मूळचा खट्याळ, बोलणं फटकळ. ती म्हणे म्हणाली, पहिला सिनेमा दिलीपकुमारबरोबरच करीन. १९५० च्या 'बाबुल'मध्ये तसंच झालं, आणि 'टुणटुण' हे नावही दिलीपकुमारनीच दिलं असं सांगितलं जातं. त्यानंतर गुरुदत्तच्या 'आरपार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'प्यासा' या सगळ्यांत ती आहे. पावणेदोनशेहून जास्त सिनेमे केले. हिंदी सिनेमातली पहिली विनोदी अभिनेत्री म्हणून तिचं नाव घेतात, ते योग्यच आहे. विनोदाचं टायमिंग तिच्याकडे होतं, हे 'मिस्टर अँड मिसेस ५५' पाहिलेला कुणीही मान्य करेल.

पण पुढे काय झालं? गुरुदत्तसारखे लोक तिला निदान एक पात्र तरी देत होते. नंतरच्या सिनेमांत पात्र संपलं, शरीर उरलं. ती पडद्यावर आली की हसायचं, ती कुणावर तरी पडली की आणखी हसायचं, ती हिरोला लग्नाचं विचारते म्हणजे तर हसून लोळायचं. संवादाची गरजच नाही. साठ-सत्तरच्या दशकांत लेखकांनी मेहनत घ्यायचं सोडून दिलं आणि त्या बाईला उभी करून काम भागवलं. २४ नोव्हेंबर २००३ ला ती गेली. बहुतेक ठिकाणी मथळ्यात 'टुणटुण' होतं. उमादेवी आत कुठेतरी.

आता भाषेची मजा बघा. मराठीत 'टुणटुणीत' हा शब्द चांगला आहे. 'आजोबा ऐंशीचे झाले पण टुणटुणीत आहेत' असं आपण कौतुकाने म्हणतो. भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट तर प्रत्येकाला ठाऊक. त्या गोष्टीत म्हातारी वाघाला काय सांगते? आत्ता मला खाऊ नकोस, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग खा. म्हणजे लेकीच्या घरून जाडजूड होऊन येणं ही सुखाची खूण. आपल्या मुलखाने दुष्काळ पाहिलेत. १९७२ ला ज्यांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, त्या पिढीला अंगावर मांस असलेलं मूल म्हणजे देवाची कृपा वाटायची. 'बाळसं धरलंय', 'खात्यापित्या घरची', 'अंगाने भरली', सगळे शब्द कौतुकाचे. माझ्या लहानपणी गुटगुटीत बालक स्पर्धा व्हायच्या, पहिल्या नंबरला स्टीलचा डबा मिळायचा. म्हणजे दोन वर्षांच्या पोराला ज्या गोष्टीसाठी डबा द्यायचा, त्याच गोष्टीसाठी ते दहा वर्षांचं झालं की डब्यावरून चिडवायचं. मुलगी असेल तर आणखी पुढे. स्थळांच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' छापून यायचं. आम्हीच छापायचो, शब्दांवर पैसे घेऊन.

चिडवणं जुनंच आहे. पण चेष्टेचं तयार, छापील नाव घराघरात पोचवलं ते सिनेमाने. लॉरेल आणि हार्डी आपल्याकडे 'जाड्या आणि रड्या' म्हणूनच आले. कुणाच्या वर्गात जाड्या-रड्याची जोडी नव्हती?

यातला सगळ्यात वाईट किस्सा अमेरिकेतला आहे, आणि तो आम्हा पत्रकारांच्या तोंडात मारणारा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रॉस्को आर्बकल नावाचा मूकपटांतला विनोदी नट होता. जन्म १८८७. जन्मतःच अंगाने मोठा. बाप सडपातळ, त्यामुळे हे पोर आपलं नव्हेच असा बापाला संशय. त्याने पोराला नाव दिलं ते स्वतःला न आवडणाऱ्या एका राजकारण्याचं. म्हणजे वजनावरून पहिला अपमान पाळण्यात. मोठेपणी तो पडद्यावर 'फॅटी' झाला. त्या काळातल्या सर्वात जास्त पैसे घेणाऱ्या नटांपैकी एक. बस्टर कीटनला सिनेमात आणणारा हाच. पडद्याबाहेर कुणी 'फॅटी' म्हटलं की तो सांगायचा, मला नाव आहे. खुर्चीत किंवा दारात अडकण्याचे विनोद करायला तो तयार नसायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या नटाला जे कळत होतं, ते आमच्या गॅदरिंगला अजून कळलेलं नाही.

१९२१ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात त्याच्या पार्टीला आलेली व्हर्जिनिया रॅप ही तरुण नटी आजारी पडली आणि चार दिवसांनी वारली. मूत्राशय फुटून संसर्ग झाला होता. आरोप आर्बकलवर आला. आणि वर्तमानपत्रांना काय सापडलं? त्याचं वजन. एवढ्या अवजड माणसाच्या भाराखाली ती चिरडली, ही गोष्ट रंगवून रंगवून छापली गेली. हर्स्टच्या वृत्तपत्रांनी तर खपाची दिवाळी केली. पुरावा कच्चा होता, पण 'फॅटी' हे नाव इतकं पक्कं होतं की लोकांनी निकाल आधीच लावला. काल ज्या देहाला बघून हसत होते, त्याच देहाची आज किळस. मधे कुठे माणूस नव्हताच.

तीन खटले चालले. पहिल्या दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही. तिसऱ्या वेळी, एप्रिल १९२२ मध्ये, ज्युरीने काही मिनिटांत त्याला निर्दोष सोडलं आणि वर लेखी माफी मागितली, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे म्हणून. आरोपीची ज्युरीने माफी मागितल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण सहा दिवसांत सिनेमावाल्यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. ती त्याच वर्षी उठली, तरी पडद्यावर चेहरा दाखवायची सोय बरीच वर्षं राहिली नाही. दुसऱ्या नावाने दिग्दर्शन करून पोट भरत राहिला. १९३३ साली, शेहेचाळिसाव्या वर्षी झोपेत हृदय बंद पडून गेला.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला. त्यात प्रेस कौन्सिल शिकवलं, अब्रुनुकसानीचं कलम शिकवलं. आर्बकलचं प्रकरण कुणी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

आता ज्यांना वाटतं की 'मुलं चिडवतातच, त्यात काय एवढं', त्यांच्यासाठी थोडं संशोधन. १९६१ साली अमेरिकेत रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या ६४० मुलांना सहा चित्रं दाखवली. एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक चाकाच्या खुर्चीतलं, एक हात नसलेलं, एक चेहऱ्यावर व्यंग असलेलं आणि एक जाड. यातलं तुला सर्वात जास्त कोण आवडतं, मग कोण, असं शेवटपर्यंत विचारलं. जाड मूल सगळ्यात शेवटी आलं. मुलं गरीब घरची असोत, श्रीमंत असोत, गोरी असोत, काळी असोत, क्रम साधारण तोच.

चाळीस वर्षांनी लॅटनर आणि स्टंकार्ड यांनी तोच प्रयोग परत केला. मधल्या काळात जाड मुलांची संख्या खूप वाढली होती, तेव्हा वाटेल की सवय होऊन नावड कमी झाली असेल. उलट धडधाकट मूल आणि जाड मूल यांच्या आवडीतलं अंतर ४० टक्क्यांनी वाढलं होतं. हा अभ्यास छापून आला २००३ मध्ये. टुणटुण गेली तेच वर्ष.

त्याच वर्षी मिनेसोटातल्या ४७४६ शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनावरून बरोबरीच्या मुलांनी चिडवलं असं सांगणाऱ्या मुली ३० टक्के, मुलगे २५ टक्के. हे अपेक्षितच. पण पुढचा आकडा बघा. घरच्यांनी चिडवलं असं सांगणाऱ्या मुली २९ टक्के. म्हणजे मुलींना शाळेत जेवढं ऐकावं लागतं, जवळपास तेवढंच घरात. आणि ज्यांना चिडवलं गेलं त्यांच्यात स्वतःविषयीची नावड, उदासी, जीव द्यायचे विचार हे सगळं जास्त. महत्त्वाचं म्हणजे खरं वजन कितीही असो, चिडवण्याचा परिणाम वेगळा दिसत होता. सडपातळ मुलीला 'जाडी' म्हणा, तीही मोडते. शाळेत चिडवतात आणि घरीही चिडवतात अशांची अवस्था सर्वात वाईट.

'अहो, आम्ही तिच्या भल्यासाठीच बोलतो. लाज वाटली तर वजन कमी करेल.' हे वाक्य मी स्वतः शंभरदा ऐकलंय, दोन-चारदा बोललोयही. याच अभ्यासातल्या १८०० हून जास्त मुलांचा पुढे पंधरा वर्षांनी माग काढला. लहानपणी वजनावरून ज्यांना चिडवलं होतं, त्यांच्यात मोठेपणी लठ्ठपणा जास्त निघाला. कमी नव्हे, जास्त. सरळ आहे ना. चिडवलेलं मूल खेळाच्या तासाला मैदानावर जात नाही, चारचौघांत जेवत नाही, मग एकटं असताना भसाभस खातं. मनाला बरं वाटावं म्हणून खातं. आणि मग आपण पुन्हा चिडवतो.

वजन आणि तब्येत यांचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. मधुमेह आपल्या गल्लीगल्लीत आहे. पण कुणाच्या अंगात काय आहे हे बघून कळत नाही, हेही आपल्याच पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो आला होता. उंची-वजनाचं प्रमाण दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी त्या गोऱ्या डॉक्टरांच्या अंगात ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. बारीक दिसणारा 'जाड' असू शकतो. तेव्हा चौकात उभं राहून डोळ्यांनी रोगनिदान करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

आता माझी स्वतःची दोन पापं.

फेब्रुवारी २०१७, मुंबई महापालिकेचं मतदान. एका प्रसिद्ध लेखिकेने एका जाडजूड पोलिसाचा फोटो टाकून मुंबईत 'भारी' बंदोबस्त असल्याची कोटी केली. देशभर हशा. नंतर कळलं, तो पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशचा. त्याचं वजन १८० किलोच्या आसपास होतं, आणि त्याने सांगितलं की १९९३ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यापासून शरीराचं तंत्र बिघडून वजन वाढत गेलं. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पण त्याआधी, हसण्याच्या त्या दिवशी, तो फोटो आपल्या गावच्या ग्रुपवर टाकणारा मीच होतो. खाली आपल्याच पोलीस ठाण्याचं नाव घालून. पंचवीस-तीस हसरे चेहरे आले. आणि एक हवालदार, ज्यांनी कोणत्याही पुराच्या वेळी मला पहिली बातमी दिली, ते काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले. मी तेव्हा फोन केला नाही. गेल्या आठवड्यात केला. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनं झालं." जुनं झालं म्हणाले, विसरलो म्हणाले नाहीत.

दुसरं पाप घरातलं. माझी ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. अंगाने भरलेली, आणि गळा असा की आजी म्हणायची, हिला देवापुढे बसवा, देव उठणार नाही. आमच्याकडे टीव्ही आला आणि रविवारी संध्याकाळच्या हिंदी सिनेमात मला एक दिवस टुणटुण दिसली. मी ओरडलो, "ए, ताई बघ टीव्हीत!" सगळे हसले. आईसुद्धा. बाबा तर आठवडाभर पाहुण्यांना सांगत होते, पोरगा किती हजरजबाबी आहे. घरातलं नाव शाळेत मीच नेलं. ताई नववीत असताना गॅदरिंगला भावगीत म्हणायला उभी राहिली. पेटीचा सूर लागला आणि मागून पोरांचा आवाज आला, "टुणटुण, टुणटुण." तिने गाणं पूर्ण केलं. पूर्ण करून खाली आली आणि त्यानंतर स्टेजवर कधी गेली नाही. लग्नाच्या वेळी उखाणा घ्यायलाही तिला चारदा सांगावं लागलं.

फोन करणाऱ्या त्या बाईंच्या घरी मी परवा जाऊन आलो. मुख्याध्यापकांनाही भेटलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मारायला बंदी आहे तशीच मानसिक छळालाही आहे, हे वाचून दाखवलं. सर वरमले, वर्गात बोलतो म्हणाले. मुलगी सोमवारपासून शाळेत जाते, बाकावर एकटी बसते. पुढचं बघू. ती बातमी मी मागे घेऊ शकत नाही, म्हणून ही पोस्ट.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा ताईला फोन केला. बत्तीस-तेहतीस वर्षांत या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. मी म्हटलं, "ताई, तुला माहितीये का, टुणटुण खरं तर गायिका होती. 'दर्द'मधलं ते गाणं तिचं आहे."

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं रे. आजीने सांगितलं होतं. तुम्हालाच कुणाला माहीत नव्हतं."